जी बाजू निघेल ती

आमच्या शाळेतले मराठीचे मास्तर भाजीवालीशी बोलतानासुद्धा 'अध्यक्षमहाराज' म्हणून सुरुवात करायचे. मी तिखटमीठ लावून सांगत नाही. आठवडे बाजारात मी स्वतः त्यांच्या शेजारी पिशवी धरून उभा होतो. समोर एक बाई वांग्यांची पाटी घेऊन बसलेली. मास्तरांनी उपरणं सावरलं, घसा खाकरला, उजवा हात छातीशी नेला आणि 'अध्यक्षमहाराज, आज आपल्यासमोर जे वांगे आहे' अशी सुरुवात करून वांग्याच्या देठावर, त्याच्या तजेल्यावर आणि खानदेशच्या काळ्या मातीवर चांगली दहा मिनिटं बोलले. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, वांगा लेवाना शेतस का नही?"

वांगी घ्यायची राहूनच गेली. भाषण संपलं की मास्तरांचं त्या विषयातलं काम संपायचं.

गाव त्यांना अध्यक्षमहाराजच म्हणायचं. त्यांना तो आपला मान वाटायचा आणि आम्ही शिक्षकांनी त्यांचा तो समज कधी मोडला नाही. फुकटात माणूस खूश राहत असेल तर आपलं काय जातं.

हे सगळं दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतलं. आमचं नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होतं. कलेक्टर धुळ्याला बसायचा आणि बहुतेक गोराच असायचा. मी शाळेत ड्रॉइंग आणि ड्रिल शिकवायचो. माझं गाव तापीकाठचं, सारंगखेड्याजवळ, त्यामुळे बोलायला लागलो की आमची अहिराणी आपोआप बाहेर यायची. मास्तर पुण्याकडचे. माझं बोलणं ऐकताना ते डोळे मिटून घ्यायचे. दाढ दुखत असल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा.

दर शनिवारी दुपारी शाळेत वक्तृत्व मंडळ भरायचं. त्यासाठी मास्तरांकडे बिस्किटांचा एक रिकामा डबा होता आणि त्यात दोन चिंचोके. एक फरशीवर घासून पांढरा केलेला, दुसरा तसाच काळा. विषय फळ्यावर लिहायचा आणि बोलणाऱ्यानं डोळे मिटून डब्यात हात घालायचा. पांढरा निघाला तर बाजूनं बोलायचं, काळा निघाला तर विरुद्ध. बाजू आपण निवडायची नाही, हा मंडळाचा पहिला नियम. बाजू निवडतो तो वकील, वक्त्याला जी बाजू निघेल ती चालली पाहिजे, असं मास्तर म्हणायचे. दुसरा नियम असा की विशेषणं आधी, कारणं मागून. ऐकणारा विशेषणांनी अर्धा गार झाला की कारणं कशीही असली तरी गिळतो. तिसरा नियम म्हणजे शेवटच्या वाक्याला हात वर न्यायचा आणि टाळ्या येईपर्यंत खाली आणायचा नाही. एका शनिवारी टाळ्या आल्याच नाहीत, तेव्हा मास्तर हात वर धरून इतका वेळ उभे राहिले की शिपायाला वाटलं, ते घंटा द्यायला सांगताहेत. त्यानं घंटा दिली आणि शाळा सुटली.

हा डबा ते घरीही नेऊ लागले होते. रात्रीला खिचडी की भाकरी, हे चिंचोके काढून ठरवायचं आणि मग त्या बाजूनं बोलायचं. वहिनींनी एक दिवस दोन्ही चिंचोके चुलीत घातले. मास्तरांनी दुसरे घासले, पण डबा मात्र त्यानंतर शाळेतच राहिला.

त्यांच्या वाणीत जादू होती, हे मात्र मी मान्य करतो. नाइलाजानं करतो. माझ्या मामाला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घ्यायची होती. घोड्यांचा तो बाजार म्हणजे सगळा बोलण्याचाच खेळ, म्हणून मी मोठ्या हुशारीनं मास्तरांना बरोबर नेलं. मामाला एक घोडी आवडली. घोडीवाला विकायला तयार, मामा घ्यायला तयार. तेवढ्यात मास्तरांनी खिशातून चिंचोके काढले, कारण सराव कुठेही होऊ शकतो. निघाला पांढरा, म्हणजे घोडीच्या बाजूनं बोलायचं. मास्तर बोलले. त्या घोडीची मान, तिचे कान, तिच्या टापांखाली थरथरणारी तापीकाठची भूमी, सगळं आलं. भोवती गर्दी जमली. घोडीवाला म्हातारा ऐकता ऐकता तिच्या मानेवरून हात फिरवायला लागला. भाषण संपलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यानं घोडी विकायला साफ नकार दिला. म्हणाला, एवढी लाखमोलाची ही आपल्या दावणीला आहे हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मामा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मास्तर परतीच्या बैलगाडीत फार आनंदात होते. आपण कुणाच्या कामाला आलो होतो, हे ते यात्रेतच विसरले होते.

त्या दिवशी मी शहाणा व्हायला हवं होतं. पण मला ती गोष्ट दुसऱ्यांना सांगून हसवायची घाई झाली होती.

मास्तर कादंबरीही लिहीत होते. कोण लिहीत नव्हतं म्हणा. त्यांच्या कादंबरीचा नायक हुशार, गरीब, पदवीधर. तिसऱ्या प्रकरणात तो दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढून गाडीत बसतो आणि गोरा गार्ड त्याला दंडाला धरून खाली ओढतो. त्याला काळा म्हणतो, रानटी म्हणतो, बेइमान म्हणतो आणि त्याची ट्रंक फलाटावर फेकतो. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मास्तर हे लिखाण शेटजींच्या दुकानात वाचून दाखवायचे. शेटजी म्हणजे आमच्या शाळा कमिटीचे चेअरमन. मारवाडी, कापसाचे मोठे व्यापारी, सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याचे मालक. चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते, पण भाषण ऐकायला मिळालं की गिऱ्हाईकही परत पाठवायचे. ट्रंक फलाटावर पडली की शेटजी उपरण्याच्या टोकानं डोळे पुसायचे आणि खरं सांगतो, मीही रडायचो. कातडीच्या रंगावरून माणसाला हलकं ठरवणाऱ्या त्या गार्डाचा आम्हा सगळ्यांना मनापासून संताप यायचा. गादीवर, लोडाला टेकून यायचा.

पायरीवर जामसिंग बसलेला असायचा. तिथं बस असं त्याला कुणी म्हटलेलं नव्हतं. वर ये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं.

जामसिंग आमच्याच शाळेत पहिलीचा शिक्षक होता. मूळ धडगावच्या वरच्या डोंगरातला, आश्रमात राहून मराठी फायनल पास झालेला, पंचविशीचा माणूस. शाळेतल्या सगळ्यांत कच्च्या पोरालाही तो दोन महिन्यांत बाराखडी लिहायला लावायचा. आम्ही बाकीचे एकमेकांना 'अहो मास्तर' म्हणायचो आणि त्याला 'अरे जामसिंग'. तो जातीनं पावरा. त्यानं एकदा मास्तरांना सांगून पाहिलं होतं की पावरे आणि भिल्ल वेगळे. मास्तर म्हणाले की कादंबरीत इतक्या बारकाव्यात शिरून चालत नाही. आमच्या गावालाही ते बारकावे कधी जमले नाहीत. डोंगरातून खाली आला तो भिल्ल. घरांवर रात्रीचा पहारा ठेवायला आम्हाला भिल्लच लागायचा आणि चोरी झाली की धरायलाही भिल्लच लागायचा. एकदा शाळेतली खडूची पेटी सापडेना तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिलं कुणाला बोलावलं असेल, हे मी सांगायला नको. पेटी दोन दिवसांनी माझ्या ड्रॉइंगच्या कपाटात मिळाली. मीच ठेवून विसरलो होतो. मी त्याच्याकडे गेलो नाही आणि त्यानंही विषय काढला नाही.

त्याचं अक्षर फार सुंदर होतं. मास्तरांच्या कागदांवर इतकी खाडाखोड असायची की छापखान्यात पाठवायची सोय नव्हती, म्हणून कादंबरीची पक्की प्रत जामसिंग करून द्यायचा. शाळा सुटली की व्हरांड्यात बसून बोरू चालवायचा. बदल्यात मास्तर त्याला वक्तृत्व शिकवायचे, आणि मंडळातला सर्वांत चांगला श्रोता तोच होता. भाषण कुठं ढिलं पडलं, कारण कुठं निसटलं, तो दोन वाक्यांत सांगायचा. मास्तर त्याला आपला परीक्षक म्हणायचे आणि त्यांचा त्याच्यावर जीव होता. तो होताच, यात मला शंका नाही. म्हणूनच हे सगळं सांगताना मला मास्तरांचा जास्त राग येतो.

सातव्या प्रकरणात मास्तरांच्या नायकाला सातपुड्यात एक भिल्ल लुटतो. ते प्रकरण उतरवत असताना जामसिंग एक दिवस दोन कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत आला. मी तिथं पेन्सिली तासत होतो. त्यानं दोन्ही कागद मास्तरांपुढे ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारलं की मास्तरसाहेब, तिसऱ्या प्रकरणात गोरा गार्ड नायकाला जे तीन शब्द बोलतो, तेच तीन सातव्यात भिल्लाला लागलेत. काळा, रानटी, बेइमान. चुकून झालं का, की असंच ठेवायचं?

मास्तरांनी दोन्ही कागद वाचले. मग त्याच्याकडे इतक्या मायेनं पाहिलं, जणू एखाद्या लहान मुलानं गोड प्रश्न विचारला होता.

"अरे जामसिंग, तिसऱ्या प्रकरणात ते खलनायक बोलतो. तो दुष्ट आहे म्हणून तसं बोलतो. सातव्यात कोण बोलतंय? मी बोलतोय. लेखक."

जामसिंगनं दोन्ही कागद उचलले आणि 'बरं' म्हणून तो व्हरांड्यात परत गेला. मी पेन्सिल तासत राहिलो. मला त्या उत्तरात तेव्हा काही खटकलं नाही, उलट मुद्दा बिनतोड वाटला.

दोन वर्षं जामसिंग हंगामी होता. तिसऱ्या वर्षी त्याला कायम करायचा प्रश्न कमिटीपुढे आला. तेव्हा गावातले चार वजनदार पालक शेटजींकडे जाऊन बसले. आमच्या पोरांना भिल्ल शिकवतो, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पोरांना बाराखडी येते की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. इकडे जामसिंगनं कायम होणार या भरवशावर बायकोला आणि मुलीला डोंगरातून खाली आणलं होतं. राहायची खोली शाळेची, नोकरी असेतोवरची. मुलीला जूनमध्ये पहिलीत घालायची होती, त्याच्याच वर्गात. तिच्यासाठी पाटी आणून ठेवली होती आणि ती पोर ती पाटी घेऊन रोज शाळेच्या फाटकाशी यायची. त्यांच्या गावाच्या आसपास तेव्हा शाळा नव्हती. त्यामुळे तो कायम झाला नाही तर पोरीची पाटी कोरीच राहणार होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

शेटजी कापसाचा सौदा डोळा मिटून करायचे, पण माणसांचा निवाडा करायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी मास्तरांना बोलावून सरळ विचारलं की तुम्ही शिकलेले, सांगा, ठेवायचा की नाही.

ठेवा, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. शेटजी मास्तरांचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत, सगळ्यांना माहीत होतं. पण मास्तरांना एक शब्द आयुष्यात कधी पुरला नाही. ते म्हणाले, शेटजी, आपण यावर जाहीर वादविवाद घेऊ, कमिटी दोन्ही बाजू ऐकेल आणि मग मतं घेईल. शेटजींना काय, दोन भाषणं ऐकायला मिळणार आणि निर्णयाची जबाबदारी टळणार. त्यांनी लगेच होकार दिला.

बातमी कळल्यावर जामसिंग मास्तरांकडे आला. त्यानं एवढंच विचारलं, "मास्तरसाहेब, तुम्ही कोणत्या बाजूनं?"

"जी बाजू निघेल ती," मास्तर म्हणाले.

मी त्यांना एकीकडे घेतलं आणि अहिराणीत चार खडे शब्द सुनावले. म्हटलं, डब्यात दोन्ही पांढरे टाका, मी आत्ता दुसरा घासून देतो, माझं कामच घासायचं आहे. मास्तर संतापले. ज्या डब्यावर पोरांना सचोटी शिकवली त्याच डब्यात मी लबाडी करू, असं मला सांगता, म्हणाले. आवाज चढला, हात छातीशी गेला. मी ओळखलं की आता भाषण सुरू होतंय आणि निघून आलो.

वादविवादाच्या दुपारी शाळेचा हॉल भरला. कमिटीची माणसं पुढच्या खुर्च्यांवर, पालक मागं, शेटजी मधोमध. मास्तरांनी डब्यात हात घातला. काळा निघाला. उरलेल्या पांढऱ्यासाठी दुसरा वक्ता हवा होता. मुख्याध्यापकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि माझं नाव घेतलं, कारण पहिल्या बाकावर मीच होतो.

जामसिंगची नोकरी वाचवायला ड्रिल मास्तर उभा राहिला. मी चार मिनिटं बोललो, तीही अर्धी अहिराणीत. म्हटलं, त्याचं अक्षर बघा, तो वेळेवर येतो, दारू पीत नाही, पोरांवर हात टाकत नाही. मग मला सुचेना. लोक खोकायला लागले. तेवढ्यात एक वाक्य डोक्यात आलं आणि मी ते मोठ्यानं फेकलं, "अरे, हाऊ माणूस भिल्लनामायक वाटतच नही!" हा माणूस भिल्लासारखा वाटतच नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, शेटजीही हसून मान डोलावू लागले. मी खूश होऊन खाली बसलो. आयुष्यात मला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या. जामसिंग शेवटच्या बाकावर होता. त्याचा चेहरा बघायचं मला सुचलं नाही.

मग मास्तर उठले. 'अध्यक्षमहाराज,' ते म्हणाले, आणि त्या दिवशी समोर खरोखरच अध्यक्ष होते. ते पाऊण तास बोलले. इतकं सुंदर मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही. सातपुडा उभा केला, त्याच्या कपारी, त्यातला अंधार. त्या अंधारातून आलेला माणूस पोराचा हात धरून त्याला अक्षर शिकवतो, पण मनात काय शिकवतो, कोण सांगणार, असं विचारून ते नुसतेच थांबले. मागच्या रांगेतल्या एका बाईनं आपलं पोर मांडीवर ओढून घेतलं. मग मास्तरांनी खिशातून कागद काढले आणि कादंबरीचं सातवं प्रकरण वाचायला घेतलं. काळा, रानटी, बेइमान. ज्याच्याबद्दल वाचत होते त्याच्याच हातचे कागद. घामानं ते ओले झाले, आवेशात चुरगळले. शेवटच्या वाक्याला हात वर गेला आणि टाळ्यांनी पत्रे वाजले.

मीही वाजवल्या. जामसिंगच्या बाजूनं बोललेला मी, भाषण आवडलं म्हणून टाळ्या वाजवत होतो. काय सुरू आहे हे लक्षात यायच्या आत हात वाजून गेले होते.

कमिटीचे सगळे हात विरुद्ध बाजूनं वर गेले. शेटजींचाही. मास्तर घाम पुसत व्यासपीठावरून उतरले आणि कुणाच्याही अभिनंदनाला न थांबता थेट शेवटच्या बाकाकडे गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो, म्हणून सांगतो. त्यांनी जामसिंगच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कसं झालं?"

जामसिंग उठून उभा राहिला. "छान झालं, मास्तरसाहेब. विशेषणं आधी आली. कारणं मागून यायची होती, ती आलीच नाहीत."

मास्तरांनी जरा विचार केला. "हो रे," ते म्हणाले, "वेळ संपली."

नेमकं काय झालं ते त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. म्हणजे वहिनींनी कळवलं. पोरीची पाटी फाटकाशी दिसली नाही, एवढंच त्या म्हणाल्या म्हणे. मास्तर अनवाणी शेटजींच्या दुकानात धावले. काल बोललो ते माझं मत नव्हतं, ती फक्त निघालेली बाजू होती, आज मी उलट बाजूनं बोलतो, कालच्यापेक्षा सरस बोलतो, कमिटी पुन्हा बोलवा, असं विनवू लागले. शेटजींनी त्यांना गादीवर बसवलं. माणूस वाईट नव्हता.

"मास्तरजी," ते म्हणाले, "मी तर तुमचं मतच विचारलं होतं. भाषण तुम्ही दिलं."

ठराव वहीत चढला होता. चढलेला ठराव खाली उतरवायची आमच्या कमिटीत पद्धत नव्हती.

जामसिंगनं खोली रिकामी केली त्या दिवशी मास्तर त्याला निरोप द्यायला गेले. मीही गेलो. बैलगाडीत एक ट्रंक, दोन बोचकी आणि पोरीच्या मांडीवर ती पाटी. मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या. ते म्हणाले, जामसिंग, मी तुझ्यासाठी धुळ्याला अर्ज लिहीन, असा लिहीन की वाचणारा रडेल. त्यानं मान हलवली. मग मास्तरांनी डोळे पुसले, खिशात हात घातला आणि सातव्या प्रकरणाचे ते चुरगळलेले कागद बाहेर काढले. भाषणात खराब झालेत, म्हणाले, तुला तिकडं वेळ मिळाला तर तेवढी नवी प्रत करून पाठव. छापखाना थांबलाय.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जामसिंगनं मात्र कागद घेतले, नीट घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवले. "पाठवतो," म्हणाला.

अर्ज लिहिले गेले. चार-पाच तरी असतील. मी वाचले, वाचणारा खरंच रडला असता. धुळ्याला ते कुणी वाचले की नाही, कुणास ठाऊक.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी डोंगरातला एक माणूस चारोळी विकायला आला आणि शाळेच्या शिपायाकडे मास्तरांसाठी एक पुडकं देऊन गेला. मास्तर ते तसंच घेऊन शेटजींच्या दुकानात आले. पक्की प्रत ते आधी कधी वाचत नसत, ताजी वाचावी म्हणजे आवाजाला धार राहते, असं त्यांचं म्हणणं. दहा-बारा माणसं जमली होती. मास्तरांनी दोरा सोडला, अक्षर पाहून त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी सुरू केलं.

"सातपुड्याच्या काळोख्या कपारीतून तो भिल्ल बाहेर आला. कोळशासारखा काळा, तांबारलेल्या डोळ्यांचा, असे लेखक म्हणाले."

मास्तर अडखळले. लिहिताना काही घोटाळा झाला असेल, असं वाटून पुढे गेले. "त्याच्या रानटी चेहऱ्यावर माणुसकीची खूण नव्हती, असे लेखक म्हणाले. बेइमानी त्याच्या रक्तातच होती, असे लेखक म्हणाले."

जामसिंगनं मास्तरांचा एकही शब्द गाळला नव्हता. एकही बदलला नव्हता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी फक्त बोलणाऱ्याचं नाव घातलं होतं.

शेटजी लोडावरून पुढे सरकले. त्यांना गोष्ट रंगात आल्यासारखी वाटली. "मास्तरजी, हा लेखक म्हणजे नवा खलनायक का?" त्यांनी विचारलं, अगदी साध्या मनानं.

मास्तरांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. ते तिथं थांबले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. ते थांबले नाहीत. छातीशी गेलेला हात मांडीवर आला, आवाजातला चढउतार गेला आणि तार वाचून दाखवावी तसे ते एकेक वाक्य वाचत गेले. असे लेखक म्हणाले. असे लेखक म्हणाले. पाच पानं. मी मनातून खूश होत होतो, कबूल करतो. बरी जिरली, असं वाटत होतं. नायकाच्या ट्रंकेसाठी रडणारी ही सगळी मंडळी आता कशी गप्प आहेत, हे मी एकेकाच्या तोंडाकडे बघून तपासत होतो.

पाचव्या पानाच्या तळाशी मास्तर पुन्हा थांबले. प्रकरण संपलं होतं, पण खाली एक ओळ जास्तीची होती. त्यांनी ती मनात वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्यानं वाचली. माझ्या अहिराणीला डोळे मिटून घेणाऱ्या त्या माणसानं ती डोळे उघडे ठेवून, माझ्याकडे बघत, जशी होती तशी वाचली.

"हाऊ माणूस भिल्लनामायक वाटतच नही, असे ड्रॉइंग मास्तर म्हणाले."

 कशाला ते मला कळलं नाही, पण मी वळून पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती.

मास्तरांनी पान गुडघ्यावर ठेवलं, तेवढी शेवटची ओळ बोटानं दाबून सरळ फाडली आणि ती चिंधी माझ्या हातात ठेवली.

"ही तुमची," ते म्हणाले, आणि पुढं काहीच बोलले नाहीत.